रायसीना हिलवरची ‘गुप्त’ चिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीत रायसीना हिल या टेकडीवर आणि आसपास असलेली जुनी संसद, नवी संसद आणि राष्ट्रपती भवन याबद्दल व्हॉट्सॲपवर जे काय काय फिरत असतं ते वाचून ओळखीचे लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की झालं. मी आर्किटेक्ट नाही, इतिहासाचा प्राध्यापक पण नाही, जुन्या इमारती मान वर करून बघत बसायचं वेड आहे एवढंच.

जुनी संसद म्हणजे चौसष्ट योगिनी मंदिराची कॉपी आहे, हे खरं ना?

हा प्रश्न पहिला घेतला कारण दहातले सहा जण हाच विचारतात. मध्य प्रदेशात मुरैनाजवळ मितावली गावात एका टेकडीवर हे मंदिर आहे, गोल, आत कडेकडेने 64 खोल्या आणि मधोमध शंकराचा मंडप. अकराव्या शतकात कच्छपघात राजा देवपालाने बांधलं असं मानतात. ड्रोनचा फोटो आणि संसदेचा वरून घेतलेला फोटो शेजारी शेजारी ठेवले की कोणालाही वाटणारच की अरे, हे तर तेच!

पण ल्युटियन्स किंवा बेकर, म्हणजे नवी दिल्ली उभारणारे दोन इंग्रज आर्किटेक्ट, यांनी हे मंदिर बघून डिझाईन केलं असा कागदोपत्री पुरावा नाही. उलट आराखड्याचा जो इतिहास माहीत आहे तो भलतंच सांगतो. 1919 च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर कायदेमंडळासाठी मोठी इमारत लागणार हे ठरलं, त्याआधी नव्या दिल्लीच्या प्लॅनमध्ये ती नव्हतीच. बेकरने पहिल्यांदा काढला तो त्रिकोणी प्लॅन, तीन बाजूंना तीन पंख आणि मध्ये घुमट. ल्युटियन्सला तो आवडला नाही, त्याने गोलाचा हट्ट धरला आणि तोच पास झाला, त्याच्यापुढे रोमचं कलोसियम होतं असं सांगतात. म्हणजे गोल आकार हा दोन साहेबांच्या भांडणातून आलाय, आणि ही दोघं भांडायची पण अशी की विचारू नका, त्यातलं एक पुढे येईलच.

अजून एक गोष्ट, जी फोटोत कळत नाही. मितावलीला बाहेरून बघितलं तर नुसती गोल भिंत दिसते, खांबांची ओसरी आतल्या अंगाला आहे, चौकाकडे तोंड करून. संसदेत बरोब्बर उलटं, खांब सगळे बाहेर, रस्त्यावरून दिसतील असे. मंदिर आत बघतं, संसद बाहेर बघते. शिवाय मंदिराचा आतला चौक उघड्या आकाशाखाली आहे आणि संसदेच्या मध्यभागी घुमटाखाली सेंट्रल हॉल.

पण माझ्याशी भांडायला येऊ नका, दोन्ही इमारती सुंदर आहेत आणि मितावलीला जायला निमित्त मिळत असेल तर ही गोष्ट खोटी असली तरी उपयोगाची आहे.

144 खांब का? त्या आकड्यात काहीतरी असणारच.

बारा गुणिले बारा. दरवाजे पण 12. आणि फिबोनाची मालिकेतला (आधीचे दोन आकडे मिळवून पुढचा येतो ती) बारावा आकडा 144 च आहे. झाली ना यूट्यूब व्हिडिओची सोय?

आता दुसरा हिशोब बघा. इमारतीचा व्यास 560 फूट. त्याला पायने गुणलं की परीघ येतो साधारण 1759 फूट, आणि मैलाचा एक तृतीयांश म्हणजे 1760 फूट. इंग्रज माणूस मैलात आणि फुटात विचार करायचा, त्याला हे आकडे जुळवून आणायची हौस होती असं फार तर म्हणता येईल. त्या परिघावर 144 खांब वाटले की साधारण 12 फुटांवर एक खांब येतो, आणि 27 फूट उंच खांबांना एवढं अंतर डोळ्याला बरं दिसतं. बाराचे आकडे सगळीकडे सापडतात याचं कारण फूट 12 इंचांचा असतो आणि बाराला दोन, तीन, चार, सहा सगळ्यांनी भाग जातो, गवंड्याचा लाडका आकडा आहे तो. पायऱ्या, खिडक्या, खांब मोजत बसलात तर कुठल्याही मोठ्या इमारतीत काहीतरी पवित्र सापडतंच, आमच्या सोसायटीच्या जिन्यात पण सापडेल.

मग आतली तीन अर्धगोल सभागृहं? ब्रह्मा-विष्णू-महेश?

नाही हो. कौन्सिल ऑफ स्टेट, लेजिस्लेटिव्ह असेंब्ली आणि संस्थानिकांचं नरेंद्र मंडळ. तीन गिऱ्हाईकं होती म्हणून तीन हॉल.

फ्रीमेसन (गुप्त विधींसाठी ओळखली जाणारी जुनी संघटना) लोकांचा हात होता का? खरं सांगा.

इथे मात्र एक खरी गोष्ट आहे आणि गंमत म्हणजे ती फार कोणी फॉरवर्ड करत नाही. 12 फेब्रुवारी 1921 ला संसदेची पायाभरणी केली ड्यूक ऑफ कनॉटने, ज्याच्या नावाने कनॉट प्लेस आहे तोच. हा माणूस 1901 ते 1939 इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजचा ग्रँड मास्टर होता, म्हणजे तिथल्या फ्रीमेसन मंडळींचा सर्वात वरचा पदाधिकारी. यात लपवाछपवी काही नव्हती, सगळं जाहीर.

पण तो दिल्लीला आला होता राजाचा काका म्हणून, नव्या सुधारणांप्रमाणे येणाऱ्या कायदेमंडळांचं उद्घाटन करायला. पायाचा दगड बसवणारा माणूस मेसन होता म्हणून इमारत मेसनिक होत नाही, नाहीतर आपल्याकडे नारळ फोडणाऱ्या प्रत्येक मंत्र्याच्या नावावर एकेक पूल लागला असता... तसा लागतोच म्हणा, ते सोडा.

गूढवादाचा खरा धागा दुसरीकडेच आहे, ल्युटियन्सच्या घरात. त्याची बायको लेडी एमिली पक्की थिऑसॉफिस्ट, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असं मानणाऱ्यांपैकी, आणि तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींना आईसारखी. लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीसाठी ल्युटियन्सने इमारत काढून दिली, ती पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडे गेली. पण नवरा स्वतः या सगळ्यापासून लांबच राहिला, आणि बायकोला लिहिलेल्या पत्रांत भारतीय वास्तुकलेबद्दल त्याने इतकं वाईटसाईट लिहिलंय की वाचून राग येतो. अशा माणसाने गुपचूप तंत्रशास्त्र दगडात कोरलं हे मला तरी पटत नाही. भारतीय वळण हवंच असा आग्रह व्हाइसरॉय हार्डिंगचा होता, त्यामुळे छज्जे, छत्र्या, जाळ्या आल्या. मजा अशी की नाइलाजाने हात घातला तरी केलं मात्र अफाट चांगलं.

राष्ट्रपती भवनाचा घुमट सांचीचा स्तूप आहे का?

हो, हे बऱ्यापैकी उघड आहे. घुमटाखालच्या गोल भागावर दगडी कठड्याची नक्षी आहे, ती सांचीच्या वेदिकेची, म्हणजे स्तूपाभोवती जे दगडी कुंपण असतं त्याची. सांचीचा मूळ स्तूप सम्राट अशोकाच्या काळातला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. इंग्रज बादशहाच्या प्रतिनिधीच्या डोक्यावर बौद्ध स्तूप, विचार करून बघा.

खांबांवरच्या घंटांची गोष्ट काय आहे?

माझी सगळ्यात आवडती. जरा सावकाश सांगतो.

राष्ट्रपती भवनाच्या खांबांची डोकी ग्रीक पण नाहीत आणि रोमन पण नाहीत. ल्युटियन्सने स्वतःचा एक नवीन प्रकार काढला, त्याला ‘दिल्ली ऑर्डर’ म्हणतात. खांबाच्या वरच्या टोकाला चारही कोपऱ्यांत एकेक घंटा कोरलेली आहे, दगडाची, लटकती. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ती फुलाची कळी वाटली होती, मग ऊन तिरपं झालं आणि एकदम घंटेचा आकार दिसला, की मग दुसरं काही दिसेचना. कर्नाटकात मूडबिद्रीला जे जैन मंदिर आहे तिथल्या खांबांवरून ही कल्पना आली असं राष्ट्रपती भवनाकडूनच सांगितलं जातं.

आता कथा अशी की राजवट संपायची वेळ आली की घंटा वाजतात असा जुना समज होता, म्हणून ल्युटियन्सने घंटा दगडाच्या केल्या, दगडाची घंटा वाजणार कशी, म्हणजे राज्य संपणारच नाही! नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं फेब्रुवारी 1931 मध्ये. साडेसोळा वर्षांत युनियन जॅक उतरला. घंटा अजून तशाच आहेत, गप्प.

ल्युटियन्सला हा प्रकार इतका आवडला की ऑक्सफर्डच्या कॅम्पियन हॉलमध्ये त्याने तो परत वापरला, तिथे तर राज्यबिज्य वाचवायचा प्रश्नच नव्हता.

राष्ट्रपती भवनासमोरच्या उंच खांबावर सहा टोकांचा तारा आहे, तो ज्यूंचा ना?

तो जयपूर कॉलम, 145 फूट उंच, जयपूरच्या महाराजा माधोसिंगांनी दिलेला. वर ब्राँझचं कमळ आणि त्याच्यावर काचेचा सहा टोकांचा तारा. षट्कोण हा एकट्या कोणाचा नाही. आपल्याकडे पूजेच्या यंत्रात असतो, शिव-शक्तीचे दोन त्रिकोण एकमेकांत. दिल्लीतच हुमायूनच्या कबरीवर जा, कमानींच्या दोन्ही खांद्यांवर सहा टोकांचे तारे ठसठशीत बसवलेत, ते सोळाव्या शतकातले. म्हणजे दिल्लीच्या दगडाला हा तारा नवीन नव्हता.

त्या खांबाच्या तळाशी एक मजकूर कोरलाय त्याकडे कोणी बघत नाही, सगळे ताऱ्याचे फोटो काढतात. विचारात श्रद्धा, बोलण्यात शहाणपण, कृतीत धैर्य, जगण्यात सेवा, म्हणजे भारत थोर होईल, असा त्याचा अर्थ.

नव्या दिल्लीचा नकाशाच पूजेच्या यंत्रासारखा आहे म्हणतात?

षट्कोन आणि त्रिकोण भरपूर आहेत, हे खरं, नकाशा उघडा आणि इंडिया गेटच्या भोवतीचा रस्ता बघा, सहा बाजू मोजता येतात. पण रस्ते कशाकडे नेम धरून काढलेत ते जास्त बोलकं आहे. एक मुख्य रेघ राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटवरून पुढे जुन्या किल्ल्याकडे, म्हणजे जिथे इंद्रप्रस्थ होतं असं लोक मानतात तिकडे. दुसरी संसद मार्गाची, ती जामा मशिदीच्या दिशेने. म्हणजे पांडवांची दिल्ली आणि शहाजहानची दिल्ली दोन्ही आपल्या नजरेखाली आणायच्या, आम्ही यांचे वारस, असं दाखवायचं. हे ‘गुप्त’ नाहीये, सरळ सरळ राजकारण आहे, आणि मला विचाराल तर यंत्राच्या थिअरीपेक्षा जास्त अंगावर येतं.

आता ते भांडण. मूळ कल्पना अशी की रस्त्यावरून चालत येताना व्हाइसरॉयचा वाडा (म्हणजे आताचं राष्ट्रपती भवन) सतत डोळ्यांसमोर राहावा. पण बेकरच्या दोन सेक्रेटरिएट इमारती, नॉर्थ आणि साउथ ब्लॉक, टेकडीवर वाड्याच्या बरोबरीने पुढे आल्या आणि मधल्या रस्त्याचा चढ असा झाला की जवळ आलात की वाडा गायब, नुसता घुमटाचा वरचा भाग दिसतो. ल्युटियन्सने खूप आरडाओरडा केला, काही झालं नाही, शेवटी ‘माझं बेकरलू झालं’ असा विनोद त्याने केला (नेपोलियन हरला त्या वॉटर्लूवरून, आणि लंडनच्या बेकरलू रेल्वेवरून). आज विजय चौकातून वर चालत जा, तुम्हाला पण तो घुमट बुडताना दिसेल. यालाही कोणीतरी ‘सूर्यास्ताचं प्रतीक’ म्हणेल. चढ चुकला, बास.

नॉर्थ ब्लॉकवर खरंच आपल्याला शिव्या कोरल्यात का?

शिव्या नाहीत पण झोंबण्यासारखं आहे खरं. प्रवेशद्वारावर इंग्रजीत लिहिलंय, त्याचा भावार्थ असा की स्वातंत्र्य वरून खाली उतरत नाही, लोकांनीच त्याच्यापर्यंत वर चढायचं असतं, आधी कमवायचं मग उपभोगायचं. ते कोरलं गेलं तेव्हा देशभर लोक तुरुंगात जात होते, कमावणं चालूच होतं. मजकूर अजून तिथेच आहे, कोणी खरवडला नाही, मला ते आवडतं.

जुन्या संसदेत संस्कृत श्लोक आहेत, ते इंग्रजांनी लिहिले?

लोकसभेत अध्यक्षांच्या आसनावर ‘धर्मचक्रप्रवर्तनाय’, सेंट्रल हॉलच्या वाटेवर ‘अयं निजः परो वेति’, एका लिफ्टच्या घुमटावर महाभारतातलं ‘न सा सभा यत्र न सन्ति वृद्धाः’, म्हणजे जिथे वडीलधारे नाहीत ती सभाच नव्हे. हे सगळं आपलं. इंग्रजांची आठवण सेंट्रल हॉलच्या भिंतीवर आहे, 12 सोनेरी चिन्हं, अखंड भारताच्या तेव्हाच्या 12 प्रांतांची. (परत बारा! करा व्हिडिओ.)

आणि ते उलटे पंखे? काही तांत्रिक विधी?

सेंट्रल हॉलचा घुमट इतका उंच की वरून पंखा लटकवला तर दांडा केवढा लागेल, म्हणून खालून खांब उभे करून त्यावर पंखे उलटे बसवले. विधी नाही, फिटिंग आहे.

नवी संसद त्रिकोणी का? श्रीयंत्र?

पहिलं कारण प्लॉट. ज्या जागेत ती बसवायची होती ती जागाच त्रिकोणी आहे, आणि गंमत म्हणजे वास्तूवाले त्रिकोणी प्लॉट घेऊच नका म्हणतात, त्यामुळे एकीकडे ‘श्रीयंत्र आहे’ म्हणणारे आणि दुसरीकडे ‘अशुभ आहे’ म्हणणारे, दोघं एकाच आकाराकडे बघून. शंभर वर्षांपूर्वी बेकरचा त्रिकोण नापास झाला होता, तो शेजारच्या जागेत नव्या संसदेचे आर्किटेक्ट बिमल पटेल यांच्या हातून उभा राहिला असंही म्हणता येईल, अर्थात दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. हा असा योगायोग मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही बघा.

पण नव्या इमारतीत तर प्राचीन चिन्हं मुद्दाम घातलीत ना?

हो, आणि यात शोधायचं काहीच नाही, कारण सगळं सांगून सवरून केलंय. 28 मे 2023 ला उद्घाटन झालं. लोकसभा मोराच्या थीमवर, 888 जागा, राज्यसभा कमळाच्या थीमवर, 384 जागा. दरवाज्यांवर सहा प्राणी: गज, अश्व, गरुड, मकर, शार्दूल आणि हंस. मकर म्हणजे मगर-मासा-हत्ती असं मिश्रण आणि शार्दूल म्हणजे वाघसिंहासारखा काल्पनिक प्राणी, ही दोघं आपल्या देवळांच्या दारावर हजारभर वर्षं राखण करतायत, ड्युटी तीच, फक्त ऑफिस बदललं. महाराष्ट्रातल्या गडांच्या दरवाज्यांवर शरभ बघितला असेल तुम्ही, तसलाच प्रकार.

888 वरून पण न्यूमरॉलॉजी सुरू झाली होती. पुढे मतदारसंघ वाढले तर जागा पुरायला हव्यात म्हणून तो आकडा मोठा ठेवलाय, आत्ता निवडून येणारे 543.

नव्या संसदेच्या छतावरचे सिंह रागीट का केले?

सारनाथच्या अशोकस्तंभाचं मूळ शीर्ष खालच्या घंटेच्या आकाराच्या भागासकट जेमतेम 7 फुटांचं, संसदेवरचं 6.5 मीटर उंच, 9500 किलो ब्राँझ. मूळ मूर्ती आपण म्युझियममध्ये समोरून बघतो, ही खालून वर मान करून. खालून बघितलं की जबडा मोठा दिसतो, सुळे पुढे येतात. मोठं करून खालून बघितलं की असं दिसतं, असंच सरकारचं पण म्हणणं होतं, आणि सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये याबद्दलची याचिका फेटाळली. माझं वैयक्तिक मत म्हणाल तर कोनामुळे फरक पडतो हे मान्य, पण सारनाथच्या सिंहांचा जो शांतपणा आहे तो यांच्यात नाही. ते बिचारे धर्म शिकवायला बसलेत, हे राखणीला.

सेंगोल खरा की बनवलेली स्टोरी?

सेंगोल म्हणजे राजदंड, आणि वस्तू खरी आहे. तमिळनाडूच्या तिरुवावडुदुरै मठातर्फे 14 ऑगस्ट 1947 ला नेहरूंना दिली, डोक्यावर नंदी, पुढे अलाहाबादच्या म्युझियममध्ये राहिली आणि तिथून 2023 मध्ये लोकसभेत अध्यक्षांच्या आसनाजवळ आली. आधी माउंटबॅटनकडे देऊन त्याच्या हातून सत्तांतराचं प्रतीक म्हणून परत घेतली, हा जो भाग आहे त्याच्यावर वाद आहे आणि तिथे छातीठोकपणे बोलणाऱ्या दोन्ही बाजूंपासून मी जरा लांबच बसतो.

नव्या संसदेच्या संविधान हॉलमध्ये तो लटकणारा गोळा कसला?

हा कोणी मंत्र-तंत्र म्हणत असेल तर त्याला शाळेत परत पाठवा, पण मला विचाराल तर अख्ख्या इमारतीतलं खरं गूढ हेच. फुकोचा लंबक. कोलकात्याच्या विज्ञान संग्रहालय परिषदेने बनवला, उंची 22 मीटर, गोळा 36 किलोचा. तो इकडून तिकडे झुलत असतो आणि झुलण्याची रेघ हळूहळू सरकत जाते, कारण खालची फरशी, इमारत, आत बसलेले खासदार, सगळं पृथ्वीबरोबर फिरत असतं. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे पॅरिसमध्ये 1851 ला दाखवलं.

ध्रुवावर एक फेरी साधारण दिवसात पूर्ण होईल, विषुववृत्तावर कधीच नाही, दिल्लीत लागतात 49 तास 59 मिनिटं 18 सेकंद. हाच लंबक मुंबईत टांगला तर 73 तासांच्या आसपास लागतील. म्हणजे त्या एका आकड्यात इमारत पृथ्वीवर नेमकी कुठल्या अक्षांशावर उभी आहे ते लिहिलेलं आहे. पिरॅमिडमध्ये असलं काही आहे म्हणून लोक आयुष्य घालवतात, इथे पाटी लावून ठेवलंय.

आपल्या मुंबईत असं काही आहे का?

हायकोर्ट! 1878 ची इमारत, कर्नल फुलरची. वर न्याय आणि दया यांचे पुतळे, ते ठीकच आहे. पण आत एका खांबाच्या नक्षीत एक माकड आहे, हातात तराजू, एका डोळ्याला पट्टी. दोन्ही नाही, एकाच. शिवाय वकिलाचे बँड घातलेला कोल्हा. आख्यायिका अशी की एका पारशी कंत्राटदाराचं काम तिथे चालू असताना तो त्याच्या इंग्रज मुख्य कंत्राटदाराविरुद्ध केस हरला आणि मग कारागिरांकडून हे करून घेतलं. गोष्ट खरी खोटी काही असो, माकड आहे.

राष्ट्रपती भवनाच्या दरबार हॉलमध्ये बुद्ध आहे म्हणतात?

व्हाइसरॉय आणि त्याची बायको यांची दोन सिंहासनं जिथे होती तिथे आता राष्ट्रपतींची खुर्ची, आणि तिच्या मागे पाचव्या शतकातली गुप्तकाळातली बुद्धमूर्ती. 2024 पासून हॉलचं नाव गणतंत्र मंडप झालंय. बाहेर पुढच्या खांबांमध्ये बिहारमधल्या रामपूरवाचा बैल उभा आहे, अशोकाच्या काळातला, त्याचं पॉलिश अजून चमकतं.

जायचं असेल तर आधी काय बघू?

राष्ट्रपती भवनाच्या वेबसाइटवर स्लॉट बुक करा, ओळखपत्र न्या. आत गेलात की गाईड तुम्हाला पुढे पुढे नेईल, झुंबरं, गालिचे, 340 खोल्या वगैरे सांगत. तुम्ही जरा मागे रेंगाळा आणि खांबांकडे वर बघा. संध्याकाळचा स्लॉट मिळाला तर उत्तम, ऊन तिरपं लागतं आणि कळ्यांच्या घंटा होतात.